कडीत अडकवलेला गळ

नोव्हाय, मिशिगन
रविवार, ९ मार्च २०२५

निमिष,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चार दिवस न फोडता ठेवलंस तरी माझी तक्रार नाही. तुझा जुना नंबर लागत नाही. नवा मी कुणाकडे मागितला नाही, कारण फोनवर तुझा आवाज ऐकायची माझी अजून तयारी नाही. पत्ता मिळाला तो तुझ्या बायकोने, स्वानंदीने, दोन वर्षांपूर्वी पाठवलेल्या दिवाळीच्या कार्डावर. त्या कार्डाला मी उत्तर दिलं नव्हतं. राग तिच्यावर नव्हता, हे तिला सांग.

काम साधं आहे. अनयाला मासे पकडायचा रॉड घ्यायचा आहे.

बरोबर वाचलंस. आता ती बारा वर्षांची आहे, सातवीत. शाळेत फिशिंग क्लब निघालाय. एप्रिलपासून दर शनिवारी तळ्याकाठच्या धक्क्यावर उभं राहून मासे धरायचे आणि सोडून द्यायचे. बाईंनी यादी दिली आहे, त्यात लिहिलंय, बास आणि क्रॅपी ह्या माशांसाठी हलका स्पिनिंग रॉड आणि रील. मी दुकानात जाऊन चाळीस मिनिटं उभी राहिले. भिंतभर रॉड. तिथला माणूस विचारतो, पॉवर कुठली, ॲक्शन कुठली. दिवसभर गाड्यांचे सुटे भाग हाताळणारी बाई मी, आणि मला काहीही सांगता येईना. मिहीर दहा वर्षं जेवताना हेच बोलायचा आणि मी हं हं करत भांडी आवरायचे. आता भोगते आहे.

मी तिला नाही म्हणून पाहिलं. रागावूनही पाहिलं. मग तिने कारण सांगितलं. तू काठावर पोलिसांना सांगितलंस ते तिला तोंडपाठ आहे: मोठा मासा लागला, मिहीर उभा राहिला, बोट उलटली. तू परत आलास, तो आला नाही. ती म्हणते, "बोटीत उभं राहायचं नाही हे बाबाच मला सांगायचा. मग तो का उभा राहिला? एका फिशसाठी? मला बघायचंय, व्हॉट वॉज सो ग्रेट." तीन वर्षं ती त्याच्यावर रागावून बसली आहे. त्याचा फोटो तिने स्वतःच्या खोलीतून उचलून माझ्या खोलीत आणून ठेवला. वाढदिवसाला त्याचं नाव काढलं तर उठून जाते. मेलेल्या बापावर धरलेला राग कसा सोडवायचा, हे मला कुणी शिकवलेलं नाही. कदाचित तो रॉड हातात धरून सुटेल.

ह्यातलं कळणारे तुम्ही दोघंच होतात. एक नाही, म्हणून दुसऱ्याला विचारते. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आश्लेषा


हर्नडन, व्हर्जिनिया
१७ मार्च २०२५

आश्लेषावहिनी,

सादर नमस्कार. तुमचं पत्र मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं. मग परत वाचलं, आणि त्या दिवशी वर गेलोच नाही. तुम्ही मला काही विचाराल असं ह्या जन्मी वाटलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेवढंच लिहितो.

क्रॅपी आणि बास ही दोन अगदी वेगळ्या स्वभावाची गिऱ्हाइकं आहेत, सगळी अडचण तिथेच आहे. क्रॅपीचं तोंड भिजलेल्या पापडासारखं. रॉड ताठ असला आणि हिसका मारला की ओठ फाटतो आणि मासा सुटतो. बास दांडगट. लागला की पाणवेलींत घुसतो, त्याला ओढून काढायला रॉडमध्ये जरा दम लागतो. दोघांना एकच रॉड हवा असेल तर पॉवर, म्हणजे हा दम, ‘लाइट’ घ्या. ‘अल्ट्रालाइट’ नको, तो बासपुढे मान टाकतो. ॲक्शन ‘फास्ट’, म्हणजे टोक तेवढं लवतं आणि खालचा भाग ताठ राहतो. लांबी साडेसहा फूट. अनया तुमच्या वळणावर उंच होत असेल तर तिला जड जाणार नाही.

रील हजार किंवा दोन हजार नंबरचं, त्याहून मोठं नको. दुकानात रॉडला रील लावून मागा आणि रीलच्या पायाखाली एक बोट ठेवून सगळं तोलून बघा. तोंडाकडे झुकत असेल तर पोरीचा हात तासाभरात दुखायला लागेल. दोरा चार किंवा सहा पौंडी. रीलची मूठ कुठल्याही बाजूला बसवता येते. उजव्या हाताने फेकायचं आणि डाव्याने गुंडाळायचं. मी आणि मिहीरने पहिला महिनाभर मूठ उजवीकडे लावली होती, पतंगाच्या चक्रीची सवय. शेजारचा म्हातारा गोरा आमच्याकडे बघून इतका हसला की त्याची टोपी पाण्यात पडली. कार्टूनची चित्रं असलेला लहान मुलांचा सेट मात्र घेऊ नका, तो खेळण्यातला असतो.

आणि एक सवय तिला पहिल्या दिवसापासून लावा. मासे धरून झाले की दोरा पूर्ण गुंडाळायचा, दोरा अडवणारी रीलवरची तार पाडायची, आणि गळ मुठीच्या वरच्या छोट्या कडीत अडकवून दोरा ताणून ठेवायचा. पहिल्याच वर्षी मिहीरच्या अंगठ्यात गळ घुसला होता, तो काढायला तुम्हीच त्याला अर्जंट केअरला नेलं होतंत. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. थर्मासमधून चहा ओतायचा असला तरी आधी गळ कडीत. मोकळ्या गळाचा रॉड त्याने पुन्हा कधी खाली ठेवला नाही.

धक्क्यावर असली तरी लाइफ जॅकेट घालायला लावा. मी विकत घेऊन पाठवू का? मला फार बरं वाटेल.

त्या दिवसाबद्दल मुद्दाम लिहीत नाही. होतं ते मी तेव्हाच सांगितलं. अनयाला माझा आशीर्वाद.

तुमचा,
निमिष


नोव्हाय
३० मार्च २०२५

निमिष,

रॉड घेतला. साडेसहा फूट, लाइट, फास्ट. बोट ठेवून तोललं तेव्हा दुकानातला माणूस माझ्याकडे आदराने बघायला लागला, त्याबद्दल आभारी आहे. जॅकेट पाठवू नकोस, मी आणलं आहे. ड्राइव्हवेवरचा बर्फ अजून गेलेला नाही, पण अनया त्यावर एक बादली ठेवते आणि तीस पावलांवरून तिच्यात दोऱ्याला बांधलेलं वजन टाकत बसते. तुझं पत्र तिने माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. मराठी वाचताना अडखळते, ऐकते मात्र नीट.

गेल्या रविवारी ती म्हणाली, बाबाचा रॉड दाखव, दोन्ही शेजारी ठेवून बघू. तो रॉड गराजमध्ये होता. शेरीफच्या लोकांनी दिलेल्या लांब प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटामागे. ती पिशवी मी तीन वर्षं उघडली नव्हती.

माझं काम तुला माहीत आहे. अपघात झालेल्या गाड्यांच्या सीटबेल्टची कुलपं आमच्या टेबलावर येतात आणि ती कशी निकामी झाली हे आम्ही शोधतो. आमचा शिरस्ता असा की आधी भाग बघायचा, माणसांनी लिहून दिलेला जबाब नंतर वाचायचा, म्हणजे डोळे आधीच बिघडत नाहीत. घरात मी नेमकं उलटं केलं.

तर भाग बघितला. रॉड अखंड आहे. दोरा तळापर्यंत गुंडाळलेला. तार पडलेली. गळ कडीत अडकवलेला आणि दोरा ताणलेला, बोटाने छेडला तर वाजतो.

मासा लागलेल्या रॉडचा गळ कडीत कसा, निमिष?

वाटलं, पाण्यातून काढणाऱ्याने अडकवला असेल. म्हणून शेरीफच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या बाईंनी फाइल काढली आणि काठावर घेतलेले फोटो पाठवले. पाणबुड्याच्या हातात रॉड आहे, अजून चिखल गळतोय, आणि गळ कडीत आहे. खाली नोंद आहे की रॉड बोटीच्या बाकाखाली दडपलेला सापडला. मिहीरचाच. तुझा सापडलाच नाही.

पिशवी उघडली तेव्हा अनया शेजारी उभी होती. तिने कडीला बोट लावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वर गेली. तेव्हा आता हे फक्त माझ्यापुरतं राहिलेलं नाही. मला समजावून सांग.

आश्लेषा


हर्नडन
६ एप्रिल २०२५

आश्लेषावहिनी,

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या मनाची अवस्था मी समजू शकतो. अशा प्रसंगानंतर माणूस बारीकसारीक गोष्टींत अर्थ शोधत राहतो, हे मलाही अनुभवाने ठाऊक आहे.

त्या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. पाणी अतिशय थंड होतं आणि मी स्वतः शुद्धीत होतो की नाही हे मला सांगता येत नाही. शक्य आहे की मासा सुटून गेला असेल आणि मग त्याने दोरा गुंडाळला असेल. शक्य आहे की त्याच्याजवळ दुसरा एखादा रॉड असेल. मला जेवढं आठवत होतं तेवढं मी तेव्हा अधिकाऱ्यांना सांगितलं, त्यात भर घालण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. मिहीरला आता शांत राहू द्यावं असं मला वाटतं. अनयासाठीही तेच बरं.

तुम्ही शेरीफच्या ऑफिसला फोन केल्याचं लिहिलं आहे. वकिलाशीही बोलला आहात का? असल्यास कृपया कळवावं.

निमिष


नोव्हाय
१३ एप्रिल २०२५

निमिष,

दुसरा रॉड नव्हता. त्याच्याजवळ एकच होता आणि त्याचं कौतुक तू माझ्याच टेबलावर बसून माझ्याच हातची साबुदाण्याची खिचडी खात केलं होतंस.

वकील नाही. तू विचारलंस म्हणून मला कळलं की वकिलाला सांगण्यासारखं काहीतरी आहे.

काल क्लबचा पहिला दिवस होता. धक्का म्हणजे लाकडी, रुंद, सिमेंटच्या खांबांवरचा. सगळी मुलं उभी राहून गळ टाकत होती. अनया मधोमध मांडी घालून बसली. बाईंनी सांगितलं, मी सांगितलं, ती उठली नाही. दोन तास बसून. मुलं हसली. घरी येताना गाडीत म्हणाली, "आय डोंट वॉन्ट टू बी स्टुपिड लाइक हिम." मी गाडी रस्त्याकडेला घेतली आणि तिला एक ओरडा दिला, आणि मग मलाच कळेना की मी कुणासाठी भांडते आहे. त्याने मूर्खपणा केला की नाही हे मला माहीतच नाही. ते माहीत असलेला माणूस एकच आहे आणि तो मूग गिळून हर्नडनमध्ये बसला आहे.

मला कोर्ट नको. तुझी माफीही नको, ती घेऊन ठेवायला माझ्याकडे जागा नाही. बोटीत कोण उभं राहिलं, एवढं एक वाक्य हवं आहे.

आश्लेषा


हर्नडन
२३ एप्रिल २०२५

वहिनी,

मी उभा राहिलो.

वाक्य वर लिहिलं आहे. आता बाकीचंही लिहितो, कारण आज तारीख तीच आहे आणि मी रजा घेऊन घरी एकटाच आहे.

सकाळचे पावणेदहा झाले होते. मिहीरने घड्याळ बघितलं आणि आवरायला घेतलं. अनयाचा अकराचा पोहण्याचा क्लास होता. मला म्हणाला, "चल, गुंडाळ. उशीर झाला तर बाईसाहेब दिवसभर बोलत नाहीत माझ्याशी." दोरा गुंडाळला, गळ कडीत लावला, रॉड बाकाखाली सरकवला आणि वल्ही हातात घेतली. तो निघाला होता, वहिनी. मीच म्हणत होतो, दहा मिनिटं अजून.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मॅनेजर. त्या आठवड्यात आमच्याकडे माणसं काढत होते, शनिवार-रविवार बघत नव्हते. माझा व्हिसा कंपनीच्या हातात, नोकरी गेली की साठ दिवसांत देश सोडायचा, आणि स्वानंदीला सहावा महिना. माझी पाचावर धारण बसली होती. आवाज तुटत होता. रेंज मिळावी म्हणून मी उभा राहिलो. मिहीर म्हणाला, "बस खाली." मी हाताने खूण केली, एक मिनिट. तो परत म्हणाला, "निमिष, यार, बस खाली." मी मागे वळलो आणि बोट गेली.

जॅकेटं आम्ही नेहमीप्रमाणे बसायला खाली घेतली होती. दोघांनी उलटलेल्या बोटीची कड धरली. त्याच्या अंगात तो जाड कोट होता. त्याने मला विचारलं, पाय हलतायत का. मी हो म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग बराच वेळ विचारलं नाही म्हणून मी मान वळवली, तर तो नव्हता. हाक मारली की नाही ते खरंच आठवत नाही.

काठावर मला ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसवलं होतं. पोलिसाने विचारलं, "हू स्टुड अप?" माझ्या मनात मिहीर नव्हता, तुम्ही नव्हतात. केस, व्हिसा, एवढंच होतं. मी म्हटलं, "ही डिड." त्याने विचारलं, का? म्हणून मासा आणला. तो मासा कधी नव्हताच. मग आपल्या मंडळाच्या गिरीशकाकांनी नागपूरला फोन करून तेच सांगितलं, मग शोकसभेत तेच सांगितलं गेलं, आणि पंधरा दिवसांत ते इतकं पक्कं झालं की मलाही तो मासा दिसायला लागला.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. तेराव्यानंतर मिहीरच्या बाबांनी मला नागपूरहून फोन केला होता. म्हणाले, "आमच्या पोराच्या घाईपायी तुझाही जीव जायचा, बेटा. आम्हाला क्षमा कर." हॉस्टेलवर त्यांच्या घरचा डबा दोन वर्षं खाल्लेला माणूस मी. आणि मी म्हटलं, "असू द्या काका." तुमच्या पत्रापर्यंत मला वाटायचं की सगळ्यात वाईट गोष्ट ते दोन शब्द होते जे मी पोलिसाला बोललो. तसं नाही. ती हीच होती.

ग्रीन कार्ड गेल्या वर्षी मिळालं. शनिवारी स्वानंदीला सगळं सांगितलं. ती मुलाला घेऊन नेपरव्हिलला बहिणीकडे गेली आहे. परत कधी येणार ते माहीत नाही.

हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवा. काकांसमोर मी नागपूरला जाऊन, त्यांच्या पायांवर डोकं ठेवून हे बोलेन. तुम्ही सांगाल त्या तारखेचं तिकीट काढतो.

निमिष


नोव्हाय
११ मे २०२५

निमिष,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. दोनदा उत्तर लिहायला बसले आणि दोन्ही कागद फाडले. हा तिसरा.

पत्र अनयाला वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. आवरायला घेतलं ते वाक्य तिने मला पुन्हा वाचायला लावलं, मग पुन्हा. त्या दिवशी ती पोहायची बॅग मांडीवर घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, साडेबारापर्यंत. मी फोन लावत होते आणि ती म्हणत होती, तो फिशिंग सोडून येणारच नाही, मला माहितीये. हे मी विसरले होते. ती विसरली नव्हती. वाचून झाल्यावर म्हणाली, "सो ही वॉज डन. ही वॉज कमिंग टू गेट मी." आणि रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा. तो गेला तेव्हाही रडली नव्हती. मी तिला धरून बसले आणि मला तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर काय केलं असतं ते लिहीत नाही. खरोखरच मासा लागला असता तरी मी सोसलं असतं, निमिष. पण तू माझ्या मुलीकडून तिचा बाप दोनदा घेतलास.

नंतर तिने विचारलं, निमिषकाका आता ट्रबलमध्ये येईल का. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "ही शुड." मी तिला गप्प केलं नाही. पत्र शेरीफच्या ऑफिसला द्यायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. ठरलं तर तुला आधी कळवणार नाही.

नागपूरचं तिकीट काढू नकोस. मिहीरचे बाबा जानेवारीत गेले. तुला कळवावं असं तेव्हा वाटलं नाही. शेवटच्या महिन्यात मी तिथे होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगायचे, पोरगा हुशार होता, पण उतावळा, माझंच वळण कमी पडलं. नर्सला सांगायचे. फिजिओथेरपीच्या मुलाला सांगायचे. मी शेजारी बसून मान डोलवायचे, कारण मलाही तेच खरं वाटत होतं. तू सहा महिने आधी बोलला असतास तर एक म्हातारा माणूस स्वतःला दोष न देता मेला असता. ह्याची भरपाई तू करू शकत नाहीस आणि तसा आव आणणारं काही मला लिहू नकोस.

आई आहेत. त्या अजून तेच धरून बसल्या आहेत. माझ्याकडून ऐकलं तर त्या म्हणतील, सून नवऱ्याची बाजू घेते. अनयाकडून ऐकायला ती लहान आहे. तेव्हा तू सांगायचंस. पत्राने नाही, त्यांना आता वाचता येत नाही. फोन कर, आणि पहिल्या वाक्यात ते वाक्य सांग, जे मला लिहिलंस. इकडच्या तिकडच्या चौकशा करू नकोस. त्या तुला जेवलास का विचारतील, तेव्हा डगमगू नकोस.

त्यांच्या घरचा नंबर तोच आहे. तिथल्या सकाळी आठनंतर त्या फोनजवळ बसलेल्या असतात. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोल. दोनदा सांगावं लागलं तर दोनदा सांग.

आश्लेषा